बारा दिवसांत तीन देश की नऊ दिवसांत एकच? गुडघे दुखत असताना युरोपची बस टूर

वाचकांचं पत्र: "नमस्कार ताई. मी ६१ वर्षांची, मिस्टर ६६, दोघं रिटायर्ड, राहायला कोल्हापूरला. पहिल्यांदाच परदेशात जायचं ठरतंय. समोर दोन टूर आहेत, दोन्ही मराठी ग्रुपबरोबर आणि दोन्हीत सगळीकडे बसनेच फिरवतात. एक १२ दिवसांची, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पिसा, मग नीस-मोनाको, बार्सिलोना आणि माद्रिदहून परत. दुसरी ९ दिवसांची, फक्त इटली. पैशात फार फरक नाही म्हणून मिस्टर म्हणतात पहिलीच घेऊ, एवढा खर्च करतोय तर तीन देश तरी बघू. त्यांचे गुडघे दुखतात पण ते कबूल करत नाहीत. मला बीपीच्या गोळीमुळे दर दीड-दोन तासांनी बाथरूमला जावं लागतं आणि या एका गोष्टीची एवढी धास्ती घेतलीये की रात्री झोप लागत नाही, चाळीस लोकांची बस माझ्या एकटीसाठी कशी थांबवायची? मुलगा बेंगळुरूला असतो, तो म्हणतो ग्रुप कशाला, मी ट्रेन आणि हॉटेलं बुक करून देतो, आपले आपण जा. आम्ही शुद्ध शाकाहारी. सीझन मे महिन्याचा सांगतायत. काय करू?"

काकू, उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे आज तरी नीट झोपाल. ९ दिवसांची इटली घ्या, ग्रुपबरोबरच जा, पण मे महिन्यात जाऊ नका. आणि बाथरूमचं म्हणाल तर त्यासाठी टूर रद्द करायची अजिबात गरज नाही, त्याचं सगळं नीट सांगते. थोडं लांबण लागेल पण तुमचे प्रश्न खरे आहेत, दोन ओळीत उडवण्यासारखे नाहीत.

काकांचं म्हणणं मला कळतंय हो. आयुष्यभर काटकसर करून पैसे बाजूला टाकलेले असतात, व्हिसा आणि विमानाचा खर्च एकदाच करायचा, मग तीन देश पदरात पाडून घेऊ असं कोणालाही वाटेल. पण ब्रोशर वाचताना आपण सगळे शहरांची नावं मोजतो आणि मधले किलोमीटर कोणी मोजतच नाही. काकांना घेऊन बसा आणि मोबाईलवर नकाशा उघडा. नीस ते बार्सिलोना साधारण साडेसहाशे किलोमीटर आहे. बार्सिलोना ते माद्रिद पुन्हा सव्वासहाशेच्या आसपास. बस हायवेवर कितीही चांगली पळाली तरी सात-आठ तास नुसतं ड्रायव्हिंग, त्यात थांबे, जेवण, शहरात शिरताना ट्रॅफिक, म्हणजे सकाळी नाश्ता करून निघायचं आणि हॉटेलला पोचायचं संध्याकाळी. असे दोन अख्खे दिवस. पिसाहून नीसला जायचं म्हणजे अजून साडेतीनशे, तोही दिवस बराचसा बसमध्येच. जायचा-यायचा एकेक दिवस विमानात. बारातले पाच गेले की! उरलेल्या सात दिवसांत रोम, व्हॅटिकन, फ्लॉरेन्स, व्हेनिस, बार्सिलोना, माद्रिद आणि मधलं सगळं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो सांगू, चालण्याचा नाही, सहा तास एका जागी बसून पाय आखडले की मग लगेच उतरून भराभर चालायचं, त्याचा.

इटलीच्या टूरमध्ये रोम ते फ्लॉरेन्स पावणेतीनशे किलोमीटर, फ्लॉरेन्स ते व्हेनिस अडीचशेच्या वर थोडं, पिसा तर फ्लॉरेन्सपासून ८५ किलोमीटरवर. म्हणजे सगळे टप्पे फार तर तीन-साडेतीन तासांचे, मधे एक थांबा धरून. दुपारपर्यंत पोचताय, संध्याकाळ हातात राहते. काकांना म्हणावं देश दोन कमी होतील पण बघायला मिळणारे तास वाढतील, आणि आपण पैसे भरतो ते बघायला मिळतं त्याचे.

आता बाथरूम. काकू, पहिली गोष्ट, तुम्ही एकट्या नाही आहात. आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्ये निम्मी माणसं पन्नाशीच्या पुढची असतात, कोणाला शुगर, कोणाला बीपी, पुरुषांना प्रोस्टेट, कोणी बोलत नाही एवढंच. तुम्ही हात वर केलात तर मागून चार जणी मनातल्या मनात तुमचे आभार मानतील.

दुसरी गोष्ट, बस थांबणारच आहे. युरोपियन युनियनचा ड्रायव्हरांसाठी कडक नियम आहे, साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, दिवसाला ९ तासांच्या वर चालवता येत नाही (आठवड्यात दोनदा १० तास चालतात), आणि रात्री साधारण ११ तास विश्रांती. हे सगळं बसमधल्या टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं, पोलिस तपासतात, दंड होतो, त्यामुळे ड्रायव्हर मनात आलं म्हणून नियम मोडू शकत नाही. टूर मॅनेजर वेळेवरून एवढी घाई का करतो त्याचं कारणही हेच, संध्याकाळी ग्रुपने एक तास उशीर केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बस एक तास उशिरा निघू शकते. आणि ग्रुपच्या बस काही साडेचार तास थांबायची वाट बघत नाहीत, साधारण दोन-अडीच तासांनी एक वॉशरूम ब्रेक असतोच. तुमचं दीड-दोन तासांचं गणित आणि त्यांचं दोन-अडीच तासांचं, मधे फार तर तासभर राहतो. तेवढ्यासाठी बुक करायच्या आधी फोन करून सरळ विचारा, बस किती वेळाने थांबते, बसमध्ये टॉयलेट आहे का, आणि असलं तर ते उघडं असतं का. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण बऱ्याच बसमध्ये मधल्या दाराजवळ छोटं टॉयलेट असतं पण ड्रायव्हर ते बंद ठेवतात, फक्त इमर्जन्सीला उघडतात. पहिल्या दिवशी टूर मॅनेजरला बाजूला घेऊन सांगून ठेवा की मला बीपीच्या गोळीमुळे जावं लागतं. त्यांना हे रोजचं आहे, त्यांना यात काही नवीन वाटत नाही.

हायवेवरचे थांबे म्हणजे पेट्रोल पंपाला लागून मोठं दुकान, कॅफे आणि टॉयलेट. इटलीत तिथली टॉयलेट बहुतेक फुकट असतात, दारात कधी नाण्यांची बशी ठेवलेली असते. एक लक्षात ठेवा, बाहेर पडायचा रस्ता पुष्कळदा अख्ख्या दुकानातून वळवून काढलेला असतो, चॉकलेटं, चीज, खेळणी, सगळी रांगेने मांडलेली, वीस मिनिटांचा ब्रेक तिथेच संपतो. उतरल्या उतरल्या आधी बायकांच्या रांगेत उभ्या राहा, कॉफी नंतर.

खरी अडचण हायवेवर नसते, शहरात असते. तिथे सुलभ शौचालय शोधत बसू नका, कुठल्याही बारमध्ये शिरा. इटलीत बार म्हणजे आपलं कॉफीचं दुकान, दारूचा अड्डा नव्हे, बायका-मुलं सगळे जातात. काउंटरवर उभ्याने एक कॉफी घ्यायची, सव्वा-दीड युरोच्या आसपास पडते, आणि "इल बान्यो?" विचारायचं, आतला दरवाजा दाखवतात. गर्दीच्या ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यावी लागते आणि ती काउंटरवर दाखवायची. टेबलावर बसलात तर तीच कॉफी बरीच महाग, आणि व्हेनिसच्या सान मार्को चौकात तर विचारूच नका. व्हेनिसमधली सार्वजनिक टॉयलेट स्वच्छ आहेत पण दीड युरो घेतात, म्हणून पर्समध्ये नाण्यांचं छोटं पाकीट वेगळं ठेवा. व्हॅटिकन म्युझियममध्ये शिरल्यावर एंट्रन्सजवळच उरकून घ्या, कारण पुढे सिस्टीन चॅपल या चित्रांसाठी प्रसिद्ध प्रार्थनाघरापर्यंत गर्दीच्या लोंढ्यात चालत राहायचं असतं, मागे फिरणं अवघड. व्हेनिसला बोटीत चढायच्या आधी जाऊन या, ही दोन ठिकाणं सांभाळलीत की बाकी सोपं आहे.

आणि काकू, कृपा करून पाणी कमी पिऊ नका. बायका हेच करतात, प्रवासात बाथरूम नको म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर राहतात, मग चक्कर येते, लघवीचं इन्फेक्शन होतं. निघायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा की प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ मागेपुढे करता येईल का, ते सांगतील ते करा, पण आपलं आपण काही बदलू नका. लांबच्या टप्प्याच्या दिवशी एक पॅड लावून बसा, नुसत्या आधारासाठी, लाजायचं त्यात काय आहे, निम्मी धास्ती तिथेच जाते. जेट स्प्रे तिकडे बाहेर नसतो, छोटी रिकामी बाटली आणि वाइप्स पर्समध्ये असू द्या. इटलीच्या हॉटेलांत मात्र कमोडशेजारी बहुतेक बिडे, म्हणजे धुण्यासाठीचं छोटं बुटकं बेसिन, असतो, ती एक सोय आहे.

आता काकांचे गुडघे. ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं अशी एक गोष्ट सांगते. इटलीच्या जुन्या शहरांत टूरची बस आत जाऊच शकत नाही. जुन्या भागात गाड्यांना बंदी आहे, बसना परमिट लागतं आणि ठरावीक ठिकाणीच माणसं उतरवता येतात. पिसाला बस पार्किंगला थांबते, मनोरा दिसायला तिथून पुढे चालत किंवा छोट्या शटलने जावं लागतं. व्हेनिसला बस त्रोंकेत्तो नावाच्या पार्किंग बेटावर थांबते, तिथून बोट, बोटीतून उतरल्यावर सान मार्कोपर्यंत चाल, आणि मधल्या प्रत्येक पुलाला पायऱ्या. फ्लॉरेन्सलाही ड्रॉप पॉइंटपासून दुओमोपर्यंत, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चपर्यंत, चालणं आहेच. म्हणजे बस टूर म्हणून कमी चालावं लागेल हा समज काढून टाका, दिवसाला सहा-सात किलोमीटर सहज होतात, तेही रोमच्या काळ्या दगडी फरशांवर जिथे पाय मुरगळायला वेळ लागत नाही. नवे बूट घेऊन जाऊ नका, घ्यायचेच तर दोन महिने आधी घ्या आणि रंकाळ्याला रोज तेच घालून फिरा. रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर बसून दम खाऊ असं काकांच्या मनात असेल तर २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे, पोलिस शिट्टी मारून उठवतात आणि दंड करतात.

सोयीही आहेत, त्या मागायला लाजू नका. एअरपोर्टवर व्हीलचेअर मिळते, फुकट, फक्त ४८ तास आधी एअरलाइनला कळवायचं. विमानात चढेपर्यंतच दोन किलोमीटर चाल होते, तिथे गुडघे संपवायचे कशाला? व्हॅटिकन म्युझियममध्ये व्हीलचेअर मिळते, कोलोसियमला लिफ्ट आहे, टूरवाल्यांनी आधी कळवलेलं असलं की काम सोपं होतं. फोल्डिंग काठी बॅगेत टाका, काका काठी नको म्हणतील तर छत्री द्या, टेकायला तीही चालते. बसमध्ये सीट रोज बदलतात, आज पुढे उद्या मागे, सगळ्यांना न्याय म्हणून, ते बरोबरच आहे. पण गुडघ्यासाठी मधल्या दाराजवळची सीट मिळेल का असं पहिल्याच दिवशी विचारलंत तर बहुतेक जण समजून घेतात, तिसऱ्या दिवशी भांडून मागितलीत तर मात्र ग्रुपमध्ये तोंडं वाकडी होतात.

आणि जे जमणार नाही ते सोडून द्यायचं. फ्लॉरेन्सच्या दुओमोच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, काकांनी तो नाद करूच नये. ग्रुपमधली पोरं वर जातील तेव्हा तुम्ही दोघं पलीकडे सिन्योरिया चौकात जा, तिथल्या लॉज्जा देई लान्झी या उघड्या कमानींखाली चेल्लीनी या शिल्पकाराने घडवलेला पर्सियसचा पुतळा उभा आहे, जांबोलोन्या या दुसऱ्या शिल्पकाराचं शिल्प आहे, तिकीट नाही, रांग नाही, चारी बाजूंनी हवं तेवढं बघा. काहीतरी राहिलं म्हणून हळहळू नका, मला तर वाटतं फ्लॉरेन्स असंच बघावं. फक्त टूर मॅनेजरला सांगून जा, परत भेटायची जागा आणि वेळ पक्की करा, आणि त्यांचा नंबर दोघांच्याही मोबाईलमध्ये आणि एका कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

मुलाचं म्हणणंही चुकीचं नाही बरं का, त्याला रागावू नका. रोम ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनने दीड तासात होतं, व्हेनिसचं स्टेशन तर थेट ग्रँड कॅनॉलवर उघडतं. हिंडाफिरायची सवय असलेल्या जोडप्याला मीच ट्रेन सांगितली असती. पण ट्रेनमध्ये बॅगा आपल्या आपण चढवायच्या, प्लॅटफॉर्म आयत्या वेळी बोर्डवर लागतो, संप झाला तर दुसरी गाडी शोधायची, आणि रात्री काकांचा गुडघा सुजला तर हॉटेलच्या रिसेप्शनला समजावून सांगायला आपण दोघंच. पहिल्या खेपेला टूर मॅनेजर नावाचा माणूस सोबत असणं याची किंमत आहे. मुलाला दुसरं काम द्या, टूरवाल्यांना विचारायचे प्रश्न त्याच्या हाती द्या, आजकालच्या मुलांना ते ईमेलवर लेखी मागता येतं.

काय विचारायचं ते लिहिते. हॉटेलांची नावं आणि पत्ता. "व्हेनिस एरिया" लिहिलेलं असेल तर हॉटेल पाण्याच्या अलीकडच्या मेस्त्रेला असू शकतं किंवा पार पादोव्हाला, "फ्लॉरेन्स एरिया" म्हणजे बरेचदा पन्नासेक किलोमीटरवरचं मोन्तेकातीनी. वाईट काही नाही, स्वच्छ हॉटेलं असतात, पण संध्याकाळी जेवून चौकात एक फेरी मारू हे मग होत नाही आणि रोज जायचा-यायचा तास-दीड तास वाढतो. एका हॉटेलात किती रात्री, हे तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रोज बॅग भरा, सहाला दाराबाहेर ठेवा, साडेसातला निघा, हे चार दिवस सलग झालं की धडधाकट माणूसही थकतो. रोमला तीन, फ्लॉरेन्सला दोन, व्हेनिसला दोन अशी काहीतरी रचना असेल तर टूर चांगली समजा. मग ब्रोशरमधले शब्द नीट वाचायचे, "एंट्रन्स" म्हणजे आत नेणार, "फोटो स्टॉप" म्हणजे बाहेरून दहा मिनिटं, "ड्राइव्ह पास्ट" म्हणजे बस थांबणारसुद्धा नाही. कोलोसियम, व्हॅटिकन म्युझियम आणि फ्लॉरेन्सचं उफ्फीझी हे चित्रांचं म्युझियम यांपैकी कशाकशात आत जाणार ते लेखी घ्या. उफ्फीझी सोमवारी बंद असतं, व्हॅटिकन म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद, तेव्हा तुमच्या तारखांना कुठला वार येतो ते कॅलेंडर काढून बघाच. कोलोसियमचं तिकीट नावानिशी असतं, म्हणून पासपोर्टवरचं स्पेलिंग जसंच्या तसं द्या. आत माहिती सांगायला तिथला लायसन्सवाला गाईड असतो आणि तो इंग्रजीत बोलतो, कानाला लावायचं यंत्र देतात. तुमचा टूर मॅनेजर नंतर मराठीत सांगेल का हेही विचारून घ्या, नाहीतर चार भिंती बघून आल्यासारखं होतं.

मे नको म्हटलं त्याचं कारण सरळ आहे, शाळांच्या सुट्या. आपल्याकडचे सगळे ग्रुप तेव्हाच निघतात, भाव चढे, बसमध्ये लहान मुलं, सगळीकडे रांगा. तुम्ही दोघं रिटायर्ड आहात, तुम्हाला सुटीचं बंधन कशाला? गौरी-गणपती उरकले की सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा इटलीत हवा फार छान असते. जुलै-ऑगस्ट मात्र चुकूनही नको, रोम आणि फ्लॉरेन्सला पारा ३५ च्या वर जातो आणि बीपीच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाने भर उन्हात रांगेत उभं राहणं धोक्याचं आहे. रोममध्ये रस्त्यात जागोजागी सतत वाहणारे लोखंडी नळ आहेत, ते पाणी प्यायचंच आहे, थंडगार असतं, बाटली भरून घेत चला.

जेवणाचं फार टेन्शन घेऊ नका. मराठी ग्रुपमध्ये रात्री बहुतेक भारतीय जेवण असतं, जैन जेवणही आधी सांगितलं की मिळतं. माझं उलट म्हणणं आहे, दुपारची दोन-तीन जेवणं तरी तिथलं खा, पिझ्झा मार्गेरिता, टोमॅटोचा साधा पास्ता, फोकाच्चा नावाचा मऊ ब्रेड, आणि जेलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, तर रोज. "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेश्शे" म्हणायचं, मांस नको मासे नको. सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. आणि शुद्ध शाकाहारी म्हणताय म्हणून सांगते, पास्त्यावर भुरभुरवतात ते पार्मेजान चीज बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरतात, तुम्हाला चालत नसेल तर आधीच नको म्हणा.

खाऊ नेताना एक सांभाळा. युरोपात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा काही नेऊ नका, कस्टमवाले काढून घेतात. ताजी फळंही बहुतेक चालत नाहीत, हापूसची पेटी तर नाहीच. चिवडा, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भडंग नेता येतं. कोल्हापूरकरांना भडंग न्या असं वेगळं सांगायला नको.

व्हिसाचं टूरवाले बघतात पण बोटांचे ठसे द्यायला तुम्हाला स्वतःला जावं लागतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, लवकर करा, फी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. व्हिसा नाकारला तर टूरच्या पैशातले किती कापणार, हा प्रश्न बुकिंगच्याच दिवशी विचारा, नंतर नाही. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतोच, पण त्यात तुमचं बीपी आणि काकांचे गुडघे लपवू नका, आधीपासूनचे आजार कव्हर होणारी पॉलिसी घ्या, थोडी महाग पडली तरी. गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट, दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या इमिग्रेशनला चेहऱ्याचा फोटो आणि ठसे घेण्याची नवी पद्धत सुरू झालीये, त्यामुळे रांगेत वेळ लागतो, विमानातून उतरल्यावर आधी वॉशरूम, मग रांग.

पैशाचं थोडक्यात. टूरच्या बिलावर टीसीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला इन्कम टॅक्स, लावतात, तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो, पावती जपून ठेवा. हॉटेलचा सिटी टॅक्स, टिप्स आणि ऑप्शनल ट्रिपा धरल्यात का ते बघा. दुकानात कार्ड मशीनने रुपये की युरो विचारलं तर नेहमी युरो, रुपयात दर वाईट लावतात. चोऱ्या होतात हे खरं आहे, रोमच्या मेट्रोत, तेर्मिनी स्टेशनवर, व्हेनिसच्या गर्दीच्या बोटीत, आणि त्या होतात आपण फोटो काढण्यात गुंग असताना. पासपोर्ट कपड्याच्या आत पाऊचमध्ये. मोठं मंगळसूत्र घरी लॉकरला ठेवून जा, साधी काळी पोत घाला. हातात धागा बांधायला किंवा गुलाब द्यायला कोणी पुढे आलं तर हात मागे घ्या आणि चालू लागा.

स्पेन राहिलं म्हणून काकांना वाईट वाटलं तर त्यांना सांगा, त्या १२ दिवसांच्या टूरमध्ये खरं स्पेन नव्हतंच. ग्रनादाचा अलहांब्रा राजवाडा, कोर्दोबाची मशीद, सेव्हिल, हे सगळं दक्षिणेला आहे आणि ही टूर तिकडे फिरकतच नाही. स्पेन पोर्तुगालबरोबर वेगळं करा, पुढच्या वर्षी म्हणा, दोन वर्षांनी म्हणा. माद्रिदजवळच्या तोलेदोला डोंगरावर चढायला सरकते जिने आहेत, गुडघ्यांसाठी ती बातमी चांगली आहे.

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात आधी करायचं काम. काकांना ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे न्या, या महिन्यातच. टूरला पाच-सहा महिने असतील तर व्यायामाने आणि फिजिओथेरपीने मांडीचे स्नायू तयार व्हायला वेळ मिळतो, तोंडावर जाऊन गोळ्या आणि पट्टा घेण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की दिवसाला सहा-सात किलोमीटर, दगडी रस्त्यावर, आठवडाभर सलग, हे झेपेल का. पैसे भरायच्या आधी हे उत्तर हातात पाहिजे. आणि काकू, त्यांना एकट्याला पाठवू नका, तुम्ही आत बरोबर जा, नाहीतर ते डॉक्टरांना "तसं काही विशेष नाही" सांगून परत येतील.